आमवात आणि मज्जातंतू



सकाळी उठावे तो बोटे आखडलेली, मूठ वळत नाही. तासभर गेल्यावर मग कुठे हात चालू लागतो. तेही दोन्ही हातांचे सारखेच. अशी एखादी बाई तुमच्या पाहण्यात असेलच. हा आमवात. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन ते तीन पट आढळतो. ही म्हातारपणाची झीज नव्हे. जंतूंशी लढणारी शरीराची शक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते आणि अस्तर सुजते.

सांधे दुखतात हे सर्वांना ठाऊक. पण हाच रोग मज्जातंतूंनाही पकडतो, ते आज सांगतो.

पहिले ठिकाण मनगट. तिथल्या अरुंद बोगद्यातून एक मज्जातंतू तळहातात जातो. सूज आली की तो चेपतो. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येतात, रात्री जास्त. बाई उठून हात झटकत बसते. पुढे हातातली वाटी निसटू लागते.

दुसरे ठिकाण पाऊल. जुन्या आजारात क्वचित बारीक रक्तवाहिन्या सुजतात, मज्जातंतूचे पोषण तुटते आणि पाऊल एकाएकी लुळे पडते.

तिसरे ठिकाण मान, आणि धोका इथेच मोठा. मानेच्या दुसऱ्या मणक्याची खुंटी पहिल्या मणक्याच्या कड्यात एका बंधाने आवळलेली असते. वर्षानुवर्षांच्या सुजेने तो बंध सैल होतो आणि खुंटी मागे मज्जारज्जूवर रेटते. मग डोक्याच्या मागे कळ येते, मान वाकवताच पाठीतून विजेसारखी चमक जाते, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही. अशा वेळी एक दिवसही दवडू नका. मोठे रुग्णालय गाठा.

म्हणून सांगतो, आमवाताच्या माणसाने न्हाव्याकडून किंवा मालीशवाल्याकडून मान कडकन् मोडून घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आधी सांगावा. नळी घालताना ते मान जपतील.

उपचार लवकर सुरू झाले तर हे पुष्कळसे टळते. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी यात नेहमी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणी ती चालत नाही.

गुरुजी, आपल्याकडे चिठ्ठी वाचून घ्यायला कुणी आले, तर ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द दोनदा वाचून दाखवा. आणि बाई म्हणाली, ‘बोटं बधिर झालीत,’ तर ‘वातच तो, चालायचंच,’ असे म्हणून तिला परत पाठवू नका.