मांजरांची चाकरी

श्रोतेहो, सुटी म्हणजे चाकरींतून मोकळीक, असा आपला समज असतो. दोन वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबानें सुटी काढली ती चाकरी करण्यासाठीं, आणि तीहि मांजरांची! माझी कन्या, जांवई व नऊ वर्षांची नात अमेरिकेंत ॲरिझोना संस्थानांत राहतात. मी त्यांच्याकडे गेलों असतां कन्या म्हणाली, "बाबा, आधीं ग्रँड कॅन्यनची दरी पाहूं आणि मग दोन दिवस कॅनबला मांजरांची सेवा करूं." मला ती थट्टाच वाटली.

कॅनब हें यूटा संस्थानाच्या दक्षिण टोंकाचें लहानसें गांव. सभोंवार तांबड्या वालुकाश्माचे उंच कडे. सह्याद्रीचा काळा कातळ पाहिलेल्या डोळ्यांना ते प्रथम कोणीं रंगवून ठेवल्यासारखे वाटतात. हॉलिवुडच्या घोडेस्वारांचे पुष्कळ चित्रपट या मुलखांत निघाले. गांवाजवळच्या एका दरींत 'बेस्ट फ्रेंड्स' नामक संस्थेचें प्राण्यांचें आश्रयस्थान आहे. कांहीं मित्रमंडळींनीं तें १९८४ सालीं उभारलें. कुत्रीं, मांजरें, घोडे, डुकरें, ससे, पक्षी मिळून तेथें एका वेळीं सुमारें १,६०० पर्यंत जीव असतात. अर्थात् भूतदया ही कांहीं अमेरिकेनें शोधून काढलेली वस्तु नव्हे. आपल्या मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा आहे. मात्र येथें प्राणी शेवटपर्यंत सांभाळण्यापेक्षां त्याला कोणाचें तरी घर मिळवून देण्याकडे लक्ष अधिक. आणि काम करावयास दूरदूरचे प्रवासी आपण होऊन, आगाऊ नांव नोंदवून येतात, याचें मला नवल वाटलें.

सकाळीं आमची नेमणूक झाली. मांजरांच्या घरांतील प्रत्येक खोलीस जाळी लावलेला ओटा, आणि आढ्याशीं जाण्यास फळ्यांच्या पायऱ्या. ज्यांच्या अंगीं ल्यूकेमियाचा विषाणु आहे तीं मांजरें निराळीं ठेवतात. तो माणसास जडत नाहीं, पण मांजरांत पसरतो. माझ्या वाट्यास विधीच्या वाळूच्या पेट्या आल्या. जिलबीच्या झाऱ्यासारखें जाळीदार फावडें वाळूंतून फिरवावयाचें आणि वर राहील तें टाकून द्यावयाचें. तीस-पस्तीस वर्षें मुलांच्या निबंधांतून चुका वेंचल्या असल्यामुळें हें काम मला जड गेलें नाहीं! नंतर भांडीं घासलीं, पांघरुणें झाडलीं. दुपारचें जेवण शुद्ध शाकाहारी निघालें, हेंहि कृतज्ञतापूर्वक सांगितलें पाहिजे.

दुपारीं सांगण्यांत आलें कीं आतां नुसतें बसा. हें काम मात्र कठीण. मांजराच्या पिलास जन्मानंतर दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत माणसाचा हात लागला, तर तें माणसाळतें. ते दिवस हुकले तर पुढें महिनोगणती खटपट करावी लागते. तशीच एक करड्या रंगाची मांजरी फळीखालीं दडून बसली होती. नात तिला हांका मारी, बोटें पुढें करी. मांजरी अधिकच आंत सरके. तेथील बाईंनीं सांगितलें, "तिच्याकडे टक लावूं नकोस. डोळे अर्धे मिटून हळूंच उघड." २०२० सालीं ससेक्स व पोर्टस्मथ या इंग्लंडांतील विद्यापीठांच्या संशोधकांनीं हाच प्रयोग करून पाहिला होता, अशा रीतीनें डोळे मिटणाऱ्या परक्या माणसाकडे मांजरें अधिक वेळां जवळ आलीं. नात भिंतीशीं बसून डोळे मिटूं-उघडूं लागली. पाऊण तासानें मांजरी बाहेर आली, आणि नातीकडे न जातां माझ्या जोड्याशीं येऊन बसली.

श्रोतेहो, तिनें दुसऱ्या कोणाची निवड केली असती तर बरें झालें असतें. कारण असें: मी तरुण शिक्षक असतांना आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतों. एक मांजरी आपण होऊन घरांत आली, दोनदां व्याली, तिसऱ्यांदा पोटुशी राहिली. मालकाची तक्रार सुरू झाली. मांजर मारण्याचें पाप काशीस सोन्याचें मांजर दान केल्यावांचून फिटत नाहीं, असें आपले लोक सांगत. म्हणून मारावयाचें नाहीं, पोत्यांत घालून लांब सोडून यावयाचें, ही आपली तोड. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितींत टाकून देणें हा १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें. पण ठाऊक असतें तरी मीं तेंच केलें असतें. पहांटे सायकलीवर पोतें बांधून मी नदीपार गेलों. पोत्यांतून पहिल्यानें आवाज येत होता, पुलावर तो थांबला. घरीं येऊन सहा वर्षांच्या मुलीस सांगितलें, "मांजरी रात्रीं आपण होऊन निघून गेली." पिलांना सात घरें फिरवितात ना, तशी. मुलीनें पंधरा दिवस दाराशीं दुधाची वाटी ठेवली. मीं ती वाटी रोज रात्रीं गुपचुप रिकामी केली.

या आश्रयस्थानांत कामकऱ्यांस एखादें मांजर रात्रीपुरतें आपल्या मुक्कामीं नेतां येतें. परक्या घरीं तें कसें वागतें, हें त्यावरून कळतें. आम्हांस तेरा वर्षांचा एक म्हातारा बोका मिळाला. तो खोलीचे चारी कोपरे हुंगून नातीच्या पायथ्याशीं झोंपला. नात झोंपल्यावर मीं कन्येला सगळें सांगितलें. इतक्या वर्षांत तें सांगण्याचें धैर्य मला झालें नव्हतें.

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "बाबा, मला ठाऊक होतें. पोत्याला केस होते."

"मग वाटी कशाला ठेवीत होतीस?"

"ती परत आली तर, म्हणून." थोडें थांबून तिनें विचारलें, "पुलाच्या पलीकडे कोठें सोडलींत?"

"पिठाच्या गिरणीपाशीं."

"गिरणींत उंदीर असतात," ती म्हणाली, आणि दिवा मालवला.

मला मात्र झोंप आली नाहीं. मध्यरात्रीं बोका उठून दाराशीं गेला, तेथें बसून बारीक आवाजांत ओरडूं लागला. मीं उठून त्याच्याजवळ जमिनीवर बसलों. सकाळीं त्याला परत देतांना तेथील बाईंनीं टिपणवहींत लिहिण्यासाठीं विचारलें, रात्र कशी गेली? नातीनें सांगितलें, "छान झोंपला." मीं तें दुरुस्त केलें.