ताजे फळ : घरच्या बाईच्याही वाट्याला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाचा सराव नाही. पण दोन वर्षांपूर्वी घरावर आलेल्या प्रसंगाने मला जे शिकवले, ते सांगावे म्हणून उभी राहिले आहे.

एका रात्री ह्यांच्या छातीत कळ आली. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून देवदयेने बचावले. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारले, "कामावरून आल्यावर काय खातात?" मी म्हटले, "चहा, खारी, कधी शेव, कधी भजी." "आणि फळ?" मी गप्प. आमच्याकडे फळ आजाऱ्याला, नाहीतर उपासाला! मग त्यांनी माझाही रक्तदाब पाहिला. तोही वाढलेला निघाला, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

द्राक्षांच्या जिल्ह्यात राहून ही आपली तऱ्हा!

फळाने पोट का भरते, ते सोपे आहे. त्यात पाणी पुष्कळ, चोथा असतो आणि ते चावून खावे लागते. 1977 साली विलायतेत काही माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिले : अख्खे, कुस्करून आणि रस काढून. अख्ख्या फळाने पोट सर्वांत भरल्यासारखे वाटले, रसाने सर्वांत कमी. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि साखर पेल्यात येते. तीन मोसंब्यांचा रस आपण दोन घोटांत पितो. तीन मोसंबी सोलून खाऊन पाहा बरे!

हृदयाचेही तसेच. पेरू, संत्रे, सफरचंद यांतला विरघळणारा चोथा रक्तातले कोलेस्टेरॉल थोडे उतरवतो. फळातले पोटॅशियम मिठाचा जोर कमी करून रक्तदाबाला मदत करते. चीनमध्ये पाच लाख माणसांची कित्येक वर्षे पाहणी झाली. 2016 साली निष्कर्ष छापून आले : रोज ताजे फळ खाणाऱ्यांत हृदयविकाराने व पक्षाघाताने मरणारे पुष्कळ कमी. सगळे श्रेय एकट्या फळाचे म्हणता येणार नाही, पण त्याचा वाटा आहे.

मात्र फळ हे औषधाच्या जागी नाही. ह्यांच्या गोळ्या चालूच आहेत. मधुमेह असेल त्यांनी बेताने, अख्खे फळ खावे. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

महाग सफरचंदच हवे असे नाही. पेरू, बोरे, पपई, हंगामात द्राक्षे, जे स्वस्त असेल ते घ्यावे. द्राक्षे मात्र दोनतीन पाण्यांनी धुवावीत. दिवसाला शंभर ग्रॅम फळ, म्हणजे एक लहानसा पेरू, एवढे आपल्या देशातले आहारतज्ज्ञही सांगतात. आमच्याकडे आता चहाआधी फळांची बशी येते, आणि भज्यांची आठवण आपोआप कमी होते.

शेवटचे सांगते. पहिले काही दिवस मी ह्यांना, मुलांना, सासूबाईंना फोडी दिल्या आणि स्वतः बिया नि साली आवरल्या. एके दिवशी धाकटीने विचारले, "आई, तुझी बशी कुठे?" मला उत्तर सुचेना. रक्तदाब माझाही वाढलेला, आणि फळ मात्र सगळ्यांना!

तेव्हा भगिनींनो, उद्या फळ चिराल तेव्हा एक बशी जास्त मांडा. ती तुमची.