दमयंतीनें माळ कोणाला घातली?

(रसायनी येथील भाषण)



पोथ्यापुराणांतील प्रेम हा आजचा विषय. शेतकऱ्या-कारागिरांना ह्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण घरांत मुलगी उपवर झाली म्हणजे तिला एकनाथांचें 'रुक्मिणीस्वयंवर' वाचावयास बसवितात कीं नाहीं? नाथांनीं हा ग्रंथ १५७१ सालीं काशींत पुरा केला. चांगला नवरा मिळावा म्हणून मुली त्याचीं पारायणें करीत आल्या.

त्या पोथींत आहे काय? भाऊ रुक्मी बहिणीला शिशुपालाच्या गळ्यांत बांधावयास निघाला. रुक्मिणीनें मुकाट्यानें मान तुकविली नाहीं. तिनें कृष्णाला पत्र धाडलें आणि आपलें लग्न आपण ठरविलें. पोथी मुलीच्या हातीं द्यावयाची आणि तिच्यांतला बोध मात्र झांकून ठेवावयाचा, हा कोणता न्याय?

रुक्मिणीप्रमाणें दमयंतीही विदर्भाचीच लेक. तिची कथा महाभारताच्या वनपर्वांत आहे. मराठींत रघुनाथ पंडितांनीं तिचें स्वयंवर गाइलें. तिच्या मनांत नळ भरला होता. पण मंडपांत इंद्र, अग्नि, वरुण आणि यम हे चार देव नळाचेंच रूप घेऊन बसले. एकसारखे पांच पुरुष! ओळखावें कसें? तिनें देवांनाच हात जोडले, तेव्हां खुणा दिसूं लागल्या. चौघांना घाम नव्हता, पापणी लवत नव्हती, अंगावर धूळ नव्हती, पाय भुईला टेकत नव्हते. पांचवा घामेजलेला, धुळीनें भरलेला. त्याची सांवली पडत होती, पाय जमिनीवर होते. दमयंतीनें माळ घातली ती ह्या पांचव्याला.

पंडित कवींनीं नायिकेचे डोळे, केस, कंबर वर्णितांना पानेंच्या पानें खर्चिलीं. श्रोत्यांनीं वाहवा केली आणि मुख्य गोष्ट बाजूला राहिली. प्रेम म्हणजे माणूस ओळखणें, ही ती गोष्ट. पाताळगंगेच्या कांठीं आपली एका बाजूला भातखाचरें, दुसऱ्या बाजूला कारखाने. चिखलानें माखून किंवा पाळी संपवून घामाघूम घरीं येणाऱ्या माणसाची थोरवी दमयंतीनें देवांच्या देखत सांगितली आहे.

पुढें नळ जुगारांत राज्य हरला आणि झोंपलेल्या बायकोला रानांत टाकून गेला. महाभारत हें लपवीत नाहीं. दमयंतीनें त्याला शोधून काढलें. पण निरपराध बायकोला रानांत टाकणारा पुरुष कोण, असा जाबही विचारला. प्रेमांत बाईनें जाब विचारूं नये, असें त्या कथेंत कोठेंही नाहीं.

आपण स्थळ पाहतांना शेत किती, पगार किती, आणि चोरून हुंडाही किती, हें विचारतों. हुंडा घेणें-देणें १९६१ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलीचें लग्न लावणें हाही गुन्हा आहे. पण "बाई, तुला हा पसंत आहे का?" हें विचारण्यास कायद्याचा शिपाई घरीं येणार नाहीं. तें आईबापांनींच विचारलें पाहिजे. येत्या लग्नसराईंत रुक्मिणीस्वयंवर खुशाल वाचा. मात्र पोथी मिटल्यावर मुलीला विचारा, आणि ती नाहीं म्हणाली तर तें ऐका.