पाच स्वरांचा तास



नववीतला तो तास आठवतो? बाईंनी पेटीवर सा, रे, ग, प, ध वाजवून राग विचारला. आपण सगळे ओरडलो, "भूप!" बाई हसल्या. मग तेच पाच स्वर, पण वरच्या अंगाने, धैवतावर थांबत. "हा देसकार." भूपात गंधाराला मान, देसकारात धैवताला, पहिला रात्रीचा, दुसरा सकाळचा. मागच्या बाकावरच्या आम्हा बेसुऱ्यांनाही फरक कळला!

दहावीत तो तास गणिताला गेला. मी इंजिनिअर झाले, गणिताशी भांडण नाही. पण आजही दहावीला संगीत नाही म्हणे. मुख्याध्यापक समोरच बसलेत, म्हणून मागते: आठवड्याला एक तास परत द्या. पेटीच्या दुरुस्तीचा खर्च आमच्या बॅचकडे.