पाटाचें पाणी आणि दोन धर्म
(शेतकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



ख्रिस्ती आणि मुसलमान यांचें नांव निघालें कीं लोक लढायाच सांगत बसतात. लढाया झाल्या, तें कोणी नाकारीत नाहीं. पण लढाई चार दिवसांची, पाण्याची पाळी मात्र बारा महिन्यांची. म्हणून आज आम्ही तुम्हांस एका पाटाची हकीकत सांगतों.

स्पेन देशांत तुरिया नदीच्या कांठीं वॅलेन्सिया शहर आहे. इ. स. 711 मध्यें मुसलमानी फौजा त्या देशांत उतरल्या. पुढें सुमारें पांचशें वर्षें हा मुलूख बहुतेक त्यांच्याच अंमलाखालीं होता. त्या काळांत तिथल्या कुणब्यांनीं नदीला बांध घातले, पाट वाढविले, आणि भात, ऊस, कापूस, नारिंगें यांची लागवड केली. स्पेनच्या भाषेंत पाटाला आजहि 'आसेक्या' म्हणतात. तो शब्द अरबी आहे. नारिंगाला तेथें 'नारांहा' व साखरेला 'आसुकार' म्हणतात. हेहि शब्द अरबांनींच तिकडे नेले, पण त्यांचें मूळ आपल्या देशांतलें आहे. आपलें नारिंग आणि आपली शर्करा त्यांत ओळखूं येत नाहीं काय?

इ. स. 1238 मध्यें हाइमे नांवाच्या ख्रिस्ती राजानें हें शहर घेतलें. मशिदीच्या जागीं मोठें चर्च उभें राहिलें. शहराभोंवतालचे मळे नव्या ख्रिस्ती वसाहतवाल्यांस वांटले गेले. पण पाण्याच्या वहिवाटीला राजानें हात लाविला नाहीं. मुसलमानांच्या वेळीं पाणी जसें चालत होतें तसेंच चालावें, असें त्यानें 1239 त ठरवून दिलें. पाट मोडला तर पीक कोठून येणार, आणि पीक नाहीं तर सारा कोठून येणार?

या जुन्या वहिवाटींतून चालत आलेली पाण्याची पंचायत तेथें आजहि भरते. दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां, त्याच चर्चच्या दारांत, आठ पाटांचे आठ पंच बसतात. पंच शेतकरी, निवडणारेहि शेतकरी. वकील नाहीं, कागद नाहीं. तक्रार तोंडी आणि निकाल तिथल्या तिथें. ज्या पाटाचा आरोपी, त्या पाटाचा पंच निकालांत भाग घेत नाहीं. 2009 सालीं युनेस्कोनें या पंचायतीला जगाचा ठेवा म्हणून मान दिला.

इथवर ऐकून तुम्हांस बरें वाटलें असेल. पण हकीकत इथें संपत नाहीं.

पाट राहिले, माणसांचें काय झालें? आंतल्या खेड्यापाड्यांत हजारों मुसलमान कुणबी, कुंभार शेतें कसीत व चाकें फिरवीत होते. 1525 च्या सुमारास त्यांना सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. तेवढ्यानेंहि राज्यकर्त्यांचा संशय फिटला नाहीं. 1609 सालीं तिसऱ्या फिलिप राजानें त्यांना देशाबाहेर घालविण्याचा हुकूम काढला. एकट्या वॅलेन्सिया राज्यांतून लाखाहून अधिक माणसें गलबतांत भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडलीं. त्यांत म्हातारींकोतारीं होतीं, लेंकुरवाळ्या बाया होत्या.

त्या हुकुमांत एक कलम आहे. तें वाचतांना आमचें मन सुन्न झालें. शंभर घरांमागें सहा घरें मागें राहूं द्यावींत, म्हणजे घरें, उसाचीं गुऱ्हाळें, भातशेती व पाट यांची निगा राहील आणि नव्या येणारांस काम शिकवितां येईल!

बंधूंनो, याचा अर्थ काय? हात पाहिजेत, माणूस नको. विद्या पाहिजे, विद्या देणारा नको. पुढें शेंकडों गांवें ओस पडलीं. कित्येक वर्षें त्या जमिनींना कसणारा मिळेना.

तेव्हां कोणी तुम्हांस धर्माधर्मांच्या लढायांच्या गोष्टी सांगूं लागला, तर खुशाल ऐका. ऐकून झाल्यावर त्याला एवढेंच विचारा, "बाबा, तिथला पाट कोणी काढला होता, आणि त्याचें पुढें काय झालें?"