तीन आणे की पंधरा आणे?



१९६३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. राममनोहर लोहिया लोकसभेत म्हणाले की, या देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर गुजराण करतात. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आणे सांगितले. नियोजनमंत्री नंदा यांनी नमुना पाहणीच्या आधारे साडेसात आणे सांगितले. देश एक, वर्ष एक आणि आकडे तीन!

यांत खोटे कोण, असे विचारण्याआधी हे आकडे कोणाविषयीचे होते ते पाहिले पाहिजे. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी. तीत गिरणीमालक आला आणि शेतमजूरही आला. लोहिया बोलत होते ते खालच्या साठ टक्के लोकांविषयी. नऊ जणांना दहा-दहा रुपये आणि दहाव्याला नऊशे दहा मिळाले, तर सरासरी शंभर येते. हिशेब बिनचूक आहे. पण त्या दहांत शंभर मिळवणारा एकही माणूस नाही. अर्थात लोहियांचे तीन आणेही वादातीत नव्हते. परंतु त्या वादाने सभागृहाला सरासरीच्या आड दडलेल्या माणसाकडे पाहणे भाग पाडले.

आकडा कसा मांडावा, याचा धडा पुण्यातच मिळतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० उष्मांक हे माप त्यांनी आधी सांगितले. १९६०-६१ च्या भावाने त्याला खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असा हिशेब उघड मांडला. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली निघाले. पां. वा. सुखात्मे यांनी त्या मापावरच आक्षेप घेतला. हिशेब उघडा होता म्हणूनच तो आक्षेप घेता आला.

याउलट २०१७-१८ च्या घरखर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष, त्यांत दोष असल्याचे सांगून, सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. दोष असतील तर ते दाखवून आकडे देता आले असते. २०११-१२ नंतरची पाहणी थेट २०२२-२३ ची हाती आली. मधल्या काळात दारिद्र्याचा वाद अंदाजांवर चालला. २०२१ ची जनगणनाही वेळेवर झाली नाही, आणि अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य पुढेही २०११ च्याच लोकसंख्येच्या हिशेबाने वाटले जात राहिले. चुकीचा आकडा दुरुस्त करता येतो. झाकलेल्या आकड्याशी भांडायचे कसे?

म्हणून कोणीही आकडा पुढे केला, मग तो आपल्या पक्षाचा का असेना, तर विचारावे: हा कोणाचा, कसा मोजला, आणि यात कोण सुटले? रेशनच्या रांगेत ज्याचे नावच नाही, त्याच्या वतीने हे विचारणे आपल्याकडेच येते.