उन्हाळी प्रशिक्षण आणि जूनमधला वर्ग



सोलापूरचा मे महिना कसा असतो, हे सोलापूरकरांना निराळे सांगावयास नको. पारा बेचाळीस अंशांच्या वर चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि पत्र्याच्या छपराखालचा वर्ग भट्टीसारखा तापतो. अशा दिवसांत शाळांना सुट्टी असते. परंतु वर्षभर वर्गात गुंतलेला शिक्षक सलग काही दिवस मोकळा सापडतो तोही याच काळात. त्यामुळे गेली साठ वर्षे शिक्षण खात्याचे लक्ष या सुट्टीकडे वेधले गेले आहे. उन्हाळी प्रशिक्षण वर्गांचा जन्म या साध्या सोयीतून झाला. पुढे त्यास शिक्षणशास्त्राचे अधिष्ठान लाभले, ही गोष्ट निराळी.

भारतात अशा वर्गांना पद्धतशीर रूप आले ते १९६३ च्या सुमारास. विश्वविद्यालय अनुदान आयोगाने अमेरिकेच्या साहाय्याने विज्ञान व गणित शिकविणाऱ्यांसाठी ग्रीष्मकालीन वर्ग सुरू केले. त्यापाठोपाठ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात अशी शिफारस केली की, प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या दर पाच वर्षांत किमान दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे. पदविका अथवा पदवी हाती पडली म्हणजे शिक्षक आयुष्यभरासाठी घडला, ही समजूत त्या शिफारशीने मोडीत काढली.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत लक्षावधी शिक्षकांसाठी देशभर दहा-दहा दिवसांची उद्बोधन शिबिरे भरली. जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, त्याही याच धोरणान्वये. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ कार्यक्रम आला व २०२० पासून तो ‘दीक्षा’ या संगणकीय मंचावरून चालविला गेला. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी दरवर्षी पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे. दिवसाचे सहा तास धरले तर पाच वर्षांचे अडीचशे तास म्हणजे सुमारे बेचाळीस दिवस होतात. कोठारी आयोगाने किमान साठ दिवसांची कल्पना केली होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. अर्थात दिवसांच्या मोजणीने प्रशिक्षणाचे मोल ठरत नाही. दहा दिवस सही करून सावलीत बसता येते, आणि एका सकाळी असे काही हाती लागू शकते की पुढची दहा वर्षे ते वर्गात उपयोगी पडावे.

सोलापूर जिल्ह्यात ही व्यवस्था राबविणे सोपे नाही. जिल्ह्याचे अकरा तालुके. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे, जिल्ह्याच्या पश्चिमेकडील टोकाला. अक्कलकोट तालुक्यातील शिक्षकाला तेथे पोहोचावयाचे तर सोलापूर आणि पंढरपूर ओलांडून सव्वाशे किलोमीटरांहून अधिक अंतर काटावे लागते. साहजिकच प्रशिक्षण तेथून निघून तालुक्याला आणि तालुक्याहून केंद्रशाळेपर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचविले जाते. राज्यस्तरावर काही तज्ज्ञ तयार होतात. ते जिल्ह्यातील साधनव्यक्तींना शिकवितात आणि साधनव्यक्ती तालुक्याच्या शिक्षकांना. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, तेव्हापासून या जिल्ह्यातील शेतकऱ्याला कालव्याच्या शेपटाचे दुखणे चांगले परिचयाचे आहे. मुखाशी पाणी भरपूर असते आणि शेपटाशी ओलही पोहोचत नाही. प्रशिक्षणाचा कालवा याहून वेगळा नाही. पुण्यात तीन दिवस प्रत्यक्ष कृती करून जे शिकविले गेले, ते तालुक्याच्या सभागृहात दोन तासांचे व्याख्यान होऊन उतरते, आणि वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत त्याची केवळ पुस्तिका पोहोचते. पुस्तिका कपाटात जाते.

दुसरी अडचण भाषेची. किंबहुना तिला अडचण म्हणावे की जिल्ह्याची संपत्ती, हा प्रश्नच आहे. सोलापूर शहरात मराठीच्या जोडीला उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा आहेत. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत. शिवाय मराठी शाळेच्या बाकावर बसलेल्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी तेलुगू अथवा कन्नड बोलली जाते. हातमाग आणि यंत्रमाग चालविणाऱ्या पद्मशाली कुटुंबांतील मुले, विडी वळणाऱ्या आयांच्या लेकी, या मुलांना शाळेची भाषा ही दारातून आत आल्यावर भेटणारी भाषा असते. प्रशिक्षणाचे साहित्य मात्र बहुधा असे गृहीत धरून लिहिलेले असते की, मूल घरून मराठी घेऊनच येते.

याचे एक उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. पंचवीस हा शब्द घ्या. मराठीत आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहावा लागतो, मग पाच. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड. त्यात नऊही नाही आणि वीसही नाही. एक उणे तीस असा हिशेब मुलाने मनातल्या मनात करावयाचा! उर्दू बोलणाऱ्या घरातही ‘पच्चीस’ म्हणताना पाचच आधी येतात. परंतु कन्नडमध्ये पंचवीसला ‘इप्पत्तैदु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि पाच. तेलुगूत ‘इरवै ऐदु’, पुन्हा वीस आणि पाच. ज्या क्रमाने बोलावयाचे त्याच क्रमाने लिहावयाचे. आता तेलुगू घरातील मूल मराठी शाळेत ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते, तेव्हा त्याला गणित येत नाही असा शेरा मारणे कितपत न्याय्य ठरेल? त्या मुलाने ऐकले तसे लिहिले. चूक असलीच तर ती दोन भाषांच्या सांध्यातली आहे.

२०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा संख्यावाचनाचा पर्याय रूढ शब्दांच्या जोडीने देण्यात आला. त्या वेळी महाराष्ट्रात मोठा वाद माजला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी दाक्षिणात्य भाषांतील संख्यानामांचा दाखला दिला होता. वर्तमानपत्रांतून थट्टाही पुष्कळ झाली. सोलापूरच्या शिक्षकाला तो दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही; तो त्याच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. उन्हाळी वर्गात गणिताच्या सत्राला एका बाजूस कन्नड शाळेचे गुरुजी, दुसऱ्या बाजूस तेलुगू शाळेच्या बाई आणि मध्ये मराठी व उर्दू शाळांचे शिक्षक बसले, आणि प्रत्येकाने आपल्या भाषेतील एक ते शंभर फळ्यावर मांडले, तर जे समजेल ते कोणत्याही तज्ज्ञाच्या व्याख्यानातून समजणार नाही. माध्यमनिहाय स्वतंत्र खोल्या करण्याची प्रथा सोयीची असेल. सोलापुरात मात्र ती प्रशिक्षणाचे नुकसानच करते.

भाषा हा अडसर किती मोठा असू शकतो, याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातील खिरोदे परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले. पुस्तकातील विज्ञानाची भाषा सोपी केली असता मुलांची समज वाढते, असे त्या कामातून पुढे आले. मुले मंद नव्हती. वाक्ये जड होती.

शेजारच्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथील प्रयोगही या संदर्भात आठवतो. १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांपासून तेथे विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. उन्हाळ्यात शिक्षक आठवडेच्या आठवडे एकत्र येत आणि मुलांनी करावयाचे प्रयोग आधी स्वतः करीत. काय बिघडले, काय जमले नाही, हे वर्षभर मासिक बैठकांतून सांगितले जाई आणि त्यानुसार पुस्तक बदलले जाई. शिक्षकाच्या तक्रारीने पुस्तक बदलते, हा अनुभव शिक्षकाला केवढे बळ देत असेल! २००२ मध्ये तो कार्यक्रम शासनाने बंद केला. तथापि उन्हाळ्यातील वर्ग आणि महिन्याची बैठक यांची त्याने घातलेली सांगड आजही अनुकरणीय आहे.

महाराष्ट्रात ती सांगड घालणे अशक्य नाही. पूर्वी गटसंमेलने होत. पुढे केंद्रशाळांची योजना आली आणि शिक्षण परिषदा भरू लागल्या. दहाबारा शाळांचे शिक्षक केंद्रशाळेत एकत्र बसतात. या परिषदेत परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांतच दुपार जाते, अशी शिक्षकांची तक्रार असते, आणि ती अनाठायी नाही. मे महिन्यात शिकलेली गोष्ट ऑगस्टमध्ये वर्गात कशी उतरली, एवढाच एक विषय जर परिषदेसमोर ठेवला, तर कालव्याच्या शेपटाशीही ओल दिसू लागेल. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने झालेल्या कामाचे हेच वैशिष्ट्य होते. तेथील शाळा पाहावयास राज्यभरातून शिक्षक गेले. व्याख्यानाऐवजी चालता वर्ग पाहणे, हे ते प्रशिक्षण होते.

सोलापूर जिल्ह्याला अभिमान वाटावा असा प्रसंग ३ डिसेंबर २०२० रोजी घडला. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. दहा लक्ष डॉलरच्या या पारितोषिकातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे ध्वनिफिती व चित्रफिती जोडण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याने स्वीकारली. या घटनेची चर्चा पुरस्काराच्या रकमेभोवतीच अधिक झाली. खरे पाहता येथे प्रवाह उलटा वाहिला: वस्तीवरच्या शाळेतून निघालेली गोष्ट पुण्यापर्यंत गेली. प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावयास हवे.

शिक्षकांच्या बाजूनेही दोन शब्द. सुट्टीत प्रशिक्षणास बोलाविल्यास त्याबदली अर्जित रजा देण्याची तरतूद नियमांत आहे. परंतु सेवापुस्तकात तिची नोंद होण्यास पाठपुरावा करावा लागू नये. दुपारचे सत्र सकाळी सातला घेता येते. लहान मूल असलेल्या शिक्षिकेसाठी केंद्रावर एक थंड खोली मोकळी ठेवणे फारसे खर्चाचे नाही. ज्याला आपला मान राखला जातो असे वाटते, तोच मनापासून शिकतो.

यंदाच्या वर्गासाठी एक साधे काम सुचविण्यासारखे आहे. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या कागदावर ‘प्रशिक्षण उपयुक्त होते’ असे लिहिण्याऐवजी, प्रत्येकाने शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात करावयाची एकच कृती लिहावी आणि तो कागद केंद्रप्रमुखांकडे द्यावा. केंद्रप्रमुखांनी जुलैच्या भेटीत तेवढेच पाहावे. विड्यांची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे विडी कामगाराच्या मुलीला दहा, शंभर, हजार हे घरीच ठाऊक असते. तिच्या हाती दहा-दहा काड्यांच्या जुड्या आणि सुट्या पाच काड्या द्याव्यात आणि दोन जुड्या व पाच काड्यांना घरी काय म्हणतात, हे आधी तिच्याच भाषेत तिला सांगू द्यावे. काड्या आणि दोरा जमविण्यास सुट्टीचे अजून चार आठवडे हाती आहेत.